समाजकार्य विभाग काढण्याआधी

पत्र : आमच्या शिक्षणसंस्थेचे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एक पदवी महाविद्यालय आहे. बी.ए.ची पटसंख्या दरवर्षी घसरत असल्यामुळे सचिवांनी पुढील वर्षापासून समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., सुरू करण्याचा ठराव मांडला आहे. त्यांचे म्हणणे असे की या अभ्यासक्रमाला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. दोन खोल्या आणि तीन प्राध्यापक मिळाले की विभाग उभा राहतो. दुसरे एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, ‘समाजसेवा काय वर्गात शिकवून येते? ज्याच्या अंगी असते तो करतोच.’ मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून संचालक मंडळावर आहे. मला दोघांचेही पटले नाही, पण उत्तर देता आले नाही. अशा विभागाचे प्रयोजन नेमके काय असते, आणि घरोघरी मराठी बोलली जाते पण कचेरीतला सगळा कारभार कन्नडमध्ये चालतो अशा आमच्या भागात तो काढावा, की मुलांना धारवाड-कोल्हापूरलाच पाठवावे?
– एक संचालक, खानापूर तालुका

उत्तर :

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की ठराव फेटाळू नका, पण यंदा मंजूरही करू नका. तो एक वर्ष पुढे ढकला आणि त्या वर्षात संस्थेला एक काम करायला लावा. ते काम कोणते, हे पुढे सांगतो. त्याआधी सचिवांच्या विधानाचा समाचार घेणे आवश्यक आहे, कारण समाजकार्याला प्रयोगशाळा लागत नाही या समजुतीवर उभे राहिलेले विभाग मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांची गत फारशी चांगली झालेली नाही. या विषयाची प्रयोगशाळा असते, ती इमारतीबाहेर असते आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपेक्षा ती उभी करणे अवघड असते, कारण ती पैशाने विकत मिळत नाही.

समाजकार्याच्या शाळा जगात कशा निर्माण झाल्या, तो क्रम या ठिकाणी उपयोगी पडेल. शिकागो शहरात जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये हल हाउस नावाचे वस्तीकेंद्र सुरू केले. कामगार वस्तीत राहायला जाऊन शेजाऱ्यांच्या अडचणी समजून घेणे हा त्यामागचा विचार होता. न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय मदतीचे काम करणाऱ्या संस्थेला जेव्हा असे दिसू लागले की नुसत्या सदिच्छेने घरोघर जाणारे स्वयंसेवक कधी कधी मदतीपेक्षा नुकसानच अधिक करतात, तेव्हा तिने १८९८ मध्ये उन्हाळी सुट्टीत सहा आठवड्यांचा एक प्रशिक्षणवर्ग घेतला. त्या वर्गाची पुढे पूर्ण वेळ शाळा झाली आणि १९४० मध्ये ती कोलंबिया विद्यापीठाशी जोडली गेली. युरोपात ॲमस्टरडॅम येथे १८९९ मध्ये अशी पहिली शाळा निघाली. शिकागोतील शाळा १९२० मध्ये तेथील विद्यापीठात विलीन झाली. सगळीकडे आधी काम होते, कामाच्या अडचणीतून शाळा आली आणि विद्यापीठ शेवटी आले.

आपल्याकडेही हाच क्रम होता. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस नावाचे वस्तीकेंद्र चालवीत होते. त्या अनुभवातून त्यांनी कायमस्वरूपी प्रशिक्षणाची कल्पना मांडली, टाटा विश्वस्त निधीने तिला पाठबळ दिले आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही देशातील पहिली शाळा सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक होते. १९४४ मध्ये तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले आणि अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९६४ उजाडले. म्हणजे विद्यापीठाचा शिक्का बसण्यापूर्वी ती अठ्ठावीस वर्षे काम करीत होती, आणि त्या काळात फाळणीनंतरच्या कुरुक्षेत्र येथील निर्वासित छावणीत तिचे अध्यापक आणि विद्यार्थी जाऊन राबले होते. आता आपल्या सचिवांचा प्रस्ताव पाहा. त्यांना आधी विद्यापीठाची संलग्नता हवी आहे, मग वर्ग हवे आहेत, आणि काम नंतर जमले तर पाहू असा एकूण सूर आहे. आपल्याकडे संस्था काढण्याचा उत्साह दांडगा असतो. ती चालवण्याचा त्या मानाने कमी.

विद्यापीठात आल्याने या शाळांचा लाभ झाला नाही असे मात्र नाही. संशोधनाची शिस्त आली, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या अभ्यासकांचा शेजार मिळाला, पदवीला नोकरीच्या बाजारात मान मिळाला आणि मुख्य म्हणजे गरीब घरातील मुलामुलींना शिष्यवृत्तीवर हे शिक्षण घेता येऊ लागले. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. दिल्ली, बडोदे, वाराणसी येथील शाळा त्याआधीच्या, स्वातंत्र्याच्या आसपासच्या आहेत. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत विभाग निघाले. या वाढीत एक गोष्ट मात्र हळूहळू घडली. विद्यापीठाला मोजता येते ते लेखी परीक्षेचे गुण, हजेरी आणि निकालाची टक्केवारी. वस्तीतल्या कामाचा कस त्याला तितकासा मोजता येत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी लेखी विषय वाढत गेले आणि क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत जाऊन करायचे काम, हा सह्यांपुरता उरलेला विषय झाला.

आता आपल्या ज्येष्ठ संचालकांकडे वळतो. ‘ज्याच्या अंगी असते तो करतोच’ हे त्यांचे म्हणणे तळमळीपुरते खरे आहे. तळमळ शिकवता येत नाही आणि कोणत्याही विभागाने ती शिकवण्याचा आव आणू नये. आपल्या भागाला तर सेवेची परंपरा आहे. स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांडे यांनी बेळगावजवळच्या हुदलीत उभे केलेले खादीचे काम कोणत्याही पदवीवर उभे राहिलेले नव्हते. पण तळमळीच्या माणसाकडूनही कोणती चूक होऊ शकते, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, गावातील बारा वर्षांच्या मुलीवर ओळखीच्याच माणसाने अत्याचार केला. गावातील भली, वयस्कर मंडळी एकत्र बसतात, मुलीच्या लग्नाचा विचार करतात, दोन्ही घरांची अब्रू राखायची म्हणून समजूत घालतात आणि प्रकरण गावातच मिटवतात. यात कोणाच्याही मनात वाईट हेतू नसेल. तरीही बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा ज्याला माहीत झाला आहे त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय मिटलेल्या त्या प्रकरणात मुलीला कोणी काहीही विचारलेले नसते. प्रशिक्षित कार्यकर्त्याला ठाऊक असते की पहिला फोन १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर करायचा, मुलीला तीच हकीकत दहा जणांसमोर सांगायला लावायची नाही, जिल्हा बालसंरक्षण कक्षाशी आणि बालकल्याण समितीशी संपर्क साधायचा आणि आईला एकटे सोडायचे नाही. हे ज्ञान अंगी असावे लागते असे नाही. ते शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे.

तो १०९८ क्रमांकसुद्धा एका समाजकार्य शाळेच्या कामातूनच आला. मुंबईत १९९६ मध्ये टाटा संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. आज ही सेवा सरकार चालवते. पोलिस ठाण्यात महिला व मुलांसाठी समाजकार्यकर्त्या बसवणारा विशेष कक्ष हाही त्याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला प्रयोग होता आणि नंतर तो महाराष्ट्रभर गेला. प्रयोजन कशाला म्हणतात याचे उत्तर मला या दोन उदाहरणांत दिसते. शाळेने पदवीधर तर घडवायचेच, पण सरकारला किंवा समाजाला अजून न सुचलेली सेवा लहान प्रमाणावर करून पाहायची, तिच्यातील दोष शोधायचे आणि ती टिकाऊ ठरली की दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे व्हायचे. नुसते अध्यापन करणारा विभाग यातले अर्धेच काम करतो.

क्षेत्रकार्य म्हणजे प्रत्यक्षात काय, हे संचालक मंडळाला समजावून सांगताना आपल्याला उपयोगी पडेल म्हणून थोडे तपशिलात लिहितो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी साधारणपणे आठवड्यातील दोन दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम करतात, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहितात आणि मार्गदर्शक अध्यापकाबरोबर दर आठवड्याला त्यावर एकट्याने व गटाने चर्चा करतात. एक ग्रामीण शिबिर असते आणि शेवटी महिनाभर एखाद्या संस्थेत सलग काम करावे लागते. खरे शिक्षण त्या अहवालाच्या समासात होते. विद्यार्थिनी लिहिते, ‘आज एका वृद्ध महिलेस पेन्शनबाबत मार्गदर्शन केले.’ चांगला मार्गदर्शक समासात विचारतो : तिने पेन्शनबद्दल विचारले होते का? तुम्ही बसलात कुठे, सून समोर होती का? आधारवर वय किती आहे? नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कचेरीतून) अर्ज परत आला तेव्हा कारण लेखी दिले होते का? मग विद्यार्थिनी पुन्हा जाते आणि तिला कळते की आजींना पेन्शन हवी आहेच, पण त्यांनी ती गोष्ट काढली ती केवळ ही मुलगी सरकारी माणूस असावी अशा समजुतीने. त्यांचा खरा घोर असा आहे की मुलगा कामासाठी गोव्याला गेला तो सहा महिने आलेला नाही. वृद्धांच्या पेन्शनसाठी असलेल्या संध्या सुरक्षा योजनेचा अर्ज तर भरायचाच आहे, पण त्याबरोबर दुसरेही एक काम समोर आले. असा एक अहवाल नीट तपासायला अध्यापकाला अर्धा तास लागतो. आठ-दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असेल तर हे जमते. चाळीस विद्यार्थी आणि तीन अध्यापक, त्यातले दोन तासिका तत्त्वावर, अशा हिशेबात इथेच घोडे पेंड खाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भाषेचा प्रश्न आपण योग्यच उपस्थित केला आहे. आपल्या भागात हा विभाग तीन भाषांत वावरणार : घरात आणि वस्तीत मराठी, अर्जात आणि शासन-आदेशात कन्नड, पाठ्यपुस्तकात इंग्रजी. सीमाप्रश्नावर आपली जी भूमिका आहे ती आपल्या ठिकाणी राहू द्या, ती कोणी सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या विधवेचा अर्ज फेटाळला गेला आहे तिला तो का फेटाळला हे वाचून दाखवणारे माणूस आज हवे आहे आणि ते कारण कन्नडमध्ये लिहिलेले आहे. म्हणून विभाग काढलात तर पहिल्या सत्रात व्यवहारापुरत्या कन्नडचे शिक्षण सक्तीचे करा, म्हणजे सरकारी नमुने वाचता येतील, तक्रारअर्ज लिहिता येईल आणि पंचायतीच्या पीडीओंशी (पंचायत विकास अधिकाऱ्यांशी) न अडखळता बोलता येईल. त्याच वेळी अहवाल मराठीत लिहिण्याची मुभा विद्यापीठाकडून लेखी मिळवा. वस्तीतील बाई जे बोलली ते इंग्रजीत उतरवताना विद्यार्थी निम्मे गाळतो आणि उरलेल्याला पुस्तकी वळण देतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. कन्नड घरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तुमच्या तालुक्यात मराठी शिकावी लागेल. दोन्ही बाजूंनी तयार झालेला असा कार्यकर्ता धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या विभागाला सहज घडवता येणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या विभागाला अस्तित्वाचा खरा अधिकार याच एका गोष्टीने मिळतो.

कामाची तर ददात नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतून गोव्याकडे होणारे स्थलांतर, निपाणी परिसरातील विडी कामगार महिला, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर हिंडणारी आणि शाळेला मुकणारी मुले, सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेली आणि १९८२ च्या कर्नाटक कायद्याने बंदी येऊनही मागे उरलेल्या स्त्रियांच्या उतारवयाच्या प्रश्नांतून दिसणारी देवदासी प्रथा, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठी ज्यांची घरे पडली त्यांच्या भरपाईचे कागद, यांपैकी कोणताही एक विषय एखाद्या विभागाला दहा वर्षे पुरेल. सगळे घेऊ नका. एक किंवा दोन विषय निवडा आणि त्यांत बेळगाव जिल्ह्यातील कोणालाही माहिती हवी असेल तर ती तुमच्याकडे मिळावी, इतके सातत्य ठेवा.

पालकांना नोकरीबद्दल खरे सांगा, कारण प्रवेशाच्या जाहिरातीत ते सहसा सांगितले जात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्यामुळे समाजकार्याच्या पदवीधरांना उद्योगांत मोठे दार उघडले, पण अनेक विभाग हळूहळू कार्मिक व्यवस्थापनाचे वर्ग होऊन बसले आणि वस्तीकडे जाणारे विद्यार्थी कमी झाले. आज रुग्णालयातील वैद्यकीय समाजकार्यकर्ता, एचआयव्ही समुपदेशक, बालसंरक्षण कक्ष, महिलांसाठीचे सखी केंद्र, स्वयंसेवी संस्था या जागा आहेत. परंतु त्यांतील पुष्कळशा कंत्राटी आहेत आणि वेतन प्राथमिक शिक्षकाच्या तुलनेत तोकडे आहे. मानसोपचार क्षेत्रात जायचे तर एम.एस.डब्ल्यू. नंतर पुन्हा दोन वर्षांचे विशेष शिक्षण घ्यावे लागते. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्यासाठी जशी वैधानिक परिषद असते तशी समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायासाठी आपल्या देशात नाही. आरोग्यसेवेतील समाजकार्यकर्त्यांचा तेवढा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झाला आहे. परिषद नसल्यामुळे शाळा चांगली की वाईट हे तपासणारा बाहेरचा डोळाही कमजोर आहे, आणि म्हणूनच संचालक मंडळाची जबाबदारी वाढते.

आता त्या एका वर्षाचे काम. महाविद्यालयाच्या आवारात नव्हे, तर बाजाराच्या दिवशी माणसे येतात अशा ठिकाणी एक खोली भाड्याने घ्या आणि तेथे एक साहाय्य केंद्र उघडा. त्यासाठी एम.एस.डब्ल्यू. झालेला, शक्यतो मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा एक कार्यकर्ता पूर्ण वेळ पगारावर नेमा, आणि तुमच्या बी.ए.च्या इच्छुक विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस त्याच्या हाताखाली पाठवा. येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवायची : काय मागितले, कुठे अडले, शेवटी काय झाले. नोंदवहीतील नावे बाहेर जाता कामा नयेत, हे पहिल्या दिवशीच लेखी ठरवा. ओळखीचा संचालक आला म्हणून वही उघडायची नाही, मग तो अध्यक्ष का असेना. वर्षअखेरीस ती वही वाचली की तालुक्याला कशाची गरज आहे, तुमच्याकडे कोणते काम जमते आणि क्षेत्रकार्यासाठी कोणत्या कचेऱ्या व संस्था खरोखर सहकार्य करतात हे कागदावर दिसेल. याच काळात रुग्णालये, बालगृहे, महिला संघ आणि पंचायती यांच्याकडून विद्यार्थी स्वीकारण्याची संमतीपत्रे घ्या, आणि संमतीपत्र देणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. पत्रे जमवून नुसते कागदी घोडे नाचवले तर पहिल्याच सत्रात ते उघडे पडते.

हा खर्च किती, असे सचिव विचारतील. एका माणसाचा वर्षाचा पगार, खोलीचे भाडे आणि प्रवास एवढाच तो आहे, आणि एवढा खर्च जर संस्थेला झेपत नसेल तर अध्यापकांचे पगारही तिला झेपणार नाहीत, हे आपोआप सिद्ध होईल. प्रवासाच्या बाबतीत एक अनुकूल गोष्ट आहे : जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना राज्याच्या साध्या बसमधून राज्यात विनामूल्य प्रवास करता येतो, त्यामुळे जांबोटीच्या किंवा नंदगडच्या पलीकडील वाडीत क्षेत्रकार्याला जाणाऱ्या मुलीला तिकिटाचा भार नाही. बस संध्याकाळी परत मिळते का, हे मात्र संस्थेने पाहायचे.

वर्ष संपल्यावर केंद्र चालू असेल आणि त्यात विद्यार्थी टिकले असतील, तर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे संलग्नतेचा अर्ज करा आणि पहिल्या तुकडीत वीसपेक्षा अधिक प्रवेश देऊ नका, मग मंजूर संख्या कितीही असो. केंद्र बंद पडले असेल तर ठराव निकालात काढा. त्यात कमीपणा नाही, आणि बी.ए.च्या पटसंख्येसाठी दुसरा उपाय शोधता येईल.

राहिला प्रश्न यंदा बी.ए. होणाऱ्या मुलांचा. त्यांना थांबवून ठेवू नका. जिला कर्नाटकातच काम करायचे आहे आणि कन्नड वाचता येते तिने धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात अर्ज करावा. जिला सीमेपलीकडे नोकरी करायची आहे तिला कोल्हापूरची ‘सायबर’ (छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च) ही संस्था सोयीची पडेल. महाराष्ट्रातील काही प्रवेशांत सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी सवलती आहेत. आपले गाव त्या यादीत असेल तर आवश्यक दाखले निकाल लागण्याची वाट न पाहता आताच काढून ठेवावेत आणि ही सवलत त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. दोन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारावा : क्षेत्रकार्याचे अहवाल कोण तपासते आणि किती दिवसांत परत देते?

आपला,
सल्लागार